आत काय आहे ते झाड सांगत नाही

अगराच्या निरोगी झाडाला कसलाही वास नसतो. साल राखाडी, पानं तुकतुकीत आणि साधी, आतलं लाकूड फिकट आणि इतकं हलकं की दाराच्या फळीसाठीही कुणी विचारणार नाही. ताजी ढलपी नाकाशी धरली तर कुठल्याही ओल्या लाकडाला येतो तेवढाच वास. आसामात या झाडाला सांची म्हणतात. घरामागे सुपारी, केळी आणि बांबूच्या दाटीत ते सरळ वर गेलेलं असतं, आणि माहीत नसेल तर माणूस त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघणारही नाही.

वास येतो तो झाड आजारी पडल्यावर. झ्युझेरा जातीच्या पतंगाची अळी बुंधा पोखरत आत शिरते आणि तिनं केलेल्या बोगद्यांतून बुरशी आत उतरते. सांचीच्या लाकडाची रचना जरा निराळी आहे. झाडांत अन्नरस वाहून नेणाऱ्या पेशी एरवी सालीच्या आतल्या थरात असतात. इथे त्यांची लहान लहान बेटं लाकडातच विखुरलेली असतात. त्यामुळे हे झाड खोल आतपर्यंत जिवंत असतं आणि प्रतिकारही खोल आतूनच करतं. जखमेभोवती राळ साचायला लागते. फिकट लाकूड आधी तपकिरी होतं, मग काळपट, मग जड. चांगल्या प्रतीचा तुकडा पाण्यात टाकला तर तळाला जातो. हा काळा, बुडणारा भाग म्हणजे अगर. तो तयार व्हायला वर्षं लागतात, उत्तम प्रतीच्या मालाला तर दशकं. सगळ्याच झाडांत तो तयार होतो असंही नाही.

आणि हे सगळं आत चाललेलं असताना बाहेरून नक्की काहीच कळत नाही. अगराची किंमत, त्याच्या व्यापारातला जुगार आणि त्याच्या जंगलांचा झालेला नाश, या तिन्हींचं मूळ मला या एकाच गोष्टीत दिसतं.

आसामच्या शिवसागर जिल्ह्यात नामतीच्या बाजूला घरोघरी सांची लावलेली आहे. तिथे एका अंगणात मी उभ्या झाडाचा सौदा पाहिला. व्यापारी आल्याआल्या चहाला नाही म्हणाला आणि थेट मागच्या परसात गेला. बुंध्याभोवती एक चक्कर मारली. मग उकिडवा बसून मुळाशी पडलेला लाकडाचा बारीक भुसा चिमटीत घेतला, बोटांवर चोळला आणि हुंगला. अळीनं आतून बाहेर लोटलेला भुसा होता तो. मग भोकं बघितली. काही ताजी, काही कडेनं भरून येऊन काळी पडलेली. मान वर करून शेंडा पाहिला. शेंड्याची पानं विरळ झाली असतील, एखादी फांदी वाळत असेल, तर त्याच्या दृष्टीनं ते चांगलं चिन्ह. घराची मालकीण सत्तरीची असेल, सगळे तिला बाइदेउ म्हणत होते. ती हातातलं सूप खाली न ठेवता व्यापाऱ्याच्या मागोमाग फिरत होती. त्यानं आकडा सांगितला. ती म्हणाली, "नवी भोकं मोजलीस, जुनीही मोज. ती माझ्या सासऱ्यांच्या वेळची आहेत." तो हसला आणि पुन्हा बुंध्याकडे वळला.

आकडा वाढला, पण बाइदेउंच्या मनातल्या आकड्यापर्यंत पोचला नाही. शेवटी दोन झाडांचं ठरलं. तिसऱ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "याला अजून काही झालेलं नाही, राहू दे." या सौद्यात झाड पाडून फोडल्यावर आत काय निघेल याची जोखीम पूर्णपणे घेणाऱ्याची. आत सगळं पांढरं निघालं तर पैसे बुडाले. त्यामुळे तो भाव पाडूनच बोलतो. आणि झाडात खरंच काळं निघालं तर बाइदेउंना ते कळतही नाही, कारण तोवर झाड गाडीत चढून गेलेलं असतं. मला हा व्यवहार तेव्हाही सलला, आता लिहितानाही सलतोय. पंचवीस वर्षं झाड सांभाळायचं एकानं आणि त्याचं मोल कळायचं दुसऱ्याला.

त्याच परसात आणखी एक गोष्ट दिसली. सांचीची पानं खाणारी एक वेगळी अळी असते; ती आली की झाडाचा खराटा होतो. घरातली मुलं ती अळी काठीनं झटकून पाडत होती, मारत होती. बुंधा पोखरणाऱ्या अळीची मात्र सगळं घर वाट बघत होतं.

अगराबद्दल जे लिहिलं जातं त्यात एक वाक्य हमखास येतं: घाव सोसल्याशिवाय सुगंध नाही. हे वाक्य मला पटत नाही. झाडानं काही सोसायचं ठरवलेलं नसतं. त्याला रोग झालेला असतो, ते स्वतःला वाचवायची धडपड करत असतं, आणि त्या धडपडीत जे साचतं ते आपल्याला आवडतं, इतकंच. दुःखातून काहीतरी मोठं निपजतं हे माणसाला हवं असतं म्हणून ते झाडाच्या गळ्यात बांधलं जातं. बांगलादेशात सिलहट भागातल्या सुजानगरला अगराचा धंदा पिढ्यान् पिढ्यांचा आहे. तिथे अळीची वाट बघत न बसता बुंध्यात लोखंडी खिळे ठोकतात, ओळीनं, खालपासून वरपर्यंत. खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडतं. आजकाल बुंध्याला भोकं पाडून त्यांत बुरशीचं द्रावण सोडायची पद्धत आली आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या रॉबर्ट ब्लँचेट यांनी व्हिएतनाममध्ये यावर काम केलं. जोरहाटच्या वर्षावन संशोधन संस्थेतही यावर संशोधन झालं आहे. खिळ्यांनी भरलेला बुंधा बघून कुणालाही कसंतरी होईल. तरी ते ठोकणाऱ्याला मी क्रूर म्हणणार नाही. ते झाड त्यानं लावलं म्हणून उभं आहे.

जंगलातलं झाड कुणी लावलेलं नव्हतं. तिथे जाणाऱ्याला बाइदेउंसारखं पाच-सात झाडांचं पूर्ण आयुष्य ठाऊक नव्हतं, आणि थांबायला वेळही नव्हता. दिसेल ते झाड पाडायचं, फोडायचं, पांढरं निघालं की तिथेच टाकून पुढच्याला हात घालायचा. एका काळ्या गाभ्यासाठी कितीतरी निरोगी झाडं अशी आडवी झाली. वर या झाडाचं बी अगदी अल्पजीवी. फळ उकललं की थोड्या दिवसांत रुजलं तर रुजलं, नाहीतर गेलं. मोठी, फळणारी झाडं गेली की खाली रोपं यायचीही बंद होतात. ईशान्य भारतातल्या जंगलांत सांची आता शोधावी लागते. संकटात सापडलेल्या जातींच्या जागतिक यादीत तिची नोंद अतिसंकटग्रस्त अशी आहे. संकटातल्या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सायटिस करारानं आपल्याकडच्या जातीवर 1995 साली व्यापाराचे निर्बंध घातले, आणि 2005 पासून या कुळातल्या अगर देणाऱ्या सगळ्याच जातींवर.

निर्बंध हवेच होते. पण जंगलातून चोरलेलं लाकूड आणि परसातलं लाकूड फोडल्यावर सारखंच दिसतं. त्यामुळे कित्येक वर्षं स्वतःच्या अंगणातलं झाड विकणाऱ्याला कागदांच्या मागे धावावं लागलं, आणि ज्याला धावायचं नव्हतं त्यानं पडेल भावात दलालाला विकून टाकलं. आसामनं 2020 मध्ये आणि त्रिपुरानं 2021 मध्ये अगरासाठी स्वतंत्र धोरण आणलं. 2024 मध्ये भारताचा लागवडीच्या मालाचा निर्यात कोटा वाढला: लाकूड आणि भुकटी मिळून वर्षाला सुमारे दीड लाख किलो, तेल सुमारे सात हजार किलो. हा कोटा मंजूर होताना परसातल्या झाडांची मोजदाद झाली, त्यांचा हिशेब मांडला गेला, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. जंगल उरलं नाही तेव्हा ही जात घरांनी जगवली, याची सरकारी कागदावर ती पहिलीच ठसठशीत कबुली.

या झाडाचं आसामशी नातं किती जुनं आहे हे आपल्याच संस्कृत पुस्तकांत सापडतं. अर्थशास्त्रात कौटिल्य खजिन्यात घ्यायच्या मालाची यादी देतो, त्यात अगरू आहे. उत्तम अगरूची लक्षणं तो सांगतो: जड असावं, स्निग्ध असावं, वास लांब जावा, सावकाश जळावं, धूर एकसारखा निघावा. आसामातल्या होजाईच्या बाजारात आजही माल याच गोष्टी बघून घेतात. कालिदासाचा रघू दिग्विजयाला निघतो आणि लौहित्य, म्हणजे ब्रह्मपुत्रा, ओलांडतो तेव्हा प्राग्ज्योतिषाचा, म्हणजे आजच्या आसामाकडचा, राजा थरथर कापतो. त्याच्याबरोबर रघूचे हत्ती ज्यांना बांधले आहेत ती काळ्या अगरूची झाडंही कापतात. सैन्यानं जे झाड हत्तीचा खुंट म्हणून वापरलं ते त्या राज्याचं सगळ्यात मोलाचं झाड होतं, हे कवीला पक्कं ठाऊक होतं. आक्रमण म्हणजे काय हे त्यानं चार चरणांत सांगितलं आहे.

सातव्या शतकात याच भागातल्या कामरूप राज्याच्या भास्करवर्म्यानं सम्राट हर्षाला भेटी पाठवल्या. बाणभट्टानं त्यांची लांबलचक यादी दिली आहे. तिच्यात काळ्या अगरूचं तेल आहे आणि अगरूच्या सालीच्या पानांवर लिहिलेली सुभाषितांची पुस्तकंही आहेत. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण सुगंध सोडूनही या झाडाला एक आयुष्य आहे. नेपाळचा लोकता कागद ज्या झुडपापासून होतो ते आणि सांची एकाच कुळातली. या कुळाच्या सालीत लांब, चिवट धागा असतो. आसामात सालीचे पट्टे काढून, वाळवून, दवात ठेवून, घोटून त्यांची पानं करत. किडीपासून वाचवायला वर पिवळा हरताळ चोळत. शाई हिरड्याचा रस आणि गोमूत्र यांची. याला सांचीपात म्हणतात. ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावरच्या सत्रांमध्ये, म्हणजे वैष्णव मठांमध्ये, अशा पोथ्या अजून आहेत. 1734 साली सुकुमार बरकाथ यांनी हत्तींवरचा 'हस्तिविद्यार्णव' हा सचित्र ग्रंथ लिहिला तो सांचीपातावरच. कालिदासानं ज्या झाडांना हत्ती बांधले, त्या झाडांच्या सालीवर आसामी चित्रकारांनी हत्ती रंगवले. आणि त्या पोथीच्या पानासाठी झाड आजारी असण्याची काहीच गरज नव्हती. निरोगी साल पुरे होती.

आपल्याकडे चंदन घराघरात राहिलं आणि अगरू विसरलं गेलं. चैत्रात देवाला चंदनाची उटी लावतात, कारण ती थंड. चरकानं हेमंतात, म्हणजे ऐन थंडीत, अंगाला अगरूचा दाट लेप लावायला सांगितला आहे, कारण ते उष्ण. थंडी वाजून येणाऱ्या तापावर त्याचं अगरूचं तेलही आहे. उन्हाळ्याला चंदन आणि हिवाळ्याला अगरू अशी ती जोडी होती. दख्खनमध्ये हिवाळा बेताचा, आणि माल इतक्या लांबचा की तो श्रीमंतांच्याच घरी पोचणार. जोडीतलं एक टिकलं यात नवल नाही. बंदरांवर मात्र हा माल ओळखीचा होता. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधींवरच्या संवादांत एक संवाद या लाकडावर आहे. मुंबईचं बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं, तोच हा पोर्तुगीज वैद्य.

जपानची एक गोष्ट सांगून पुढे जाते. नारा शहरातल्या शोसोइन या शाही भांडारात रांजाताई नावाचा अगराचा एक ओंडका आहे, 156 सेंटिमीटर लांब, वजन 11.6 किलो. शतकानुशतकं तो तसाच जपलेला आहे. ज्या सत्ताधीशांनी त्याचा कपचा काढून घेतला त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या त्या त्या जागी लावलेल्या आहेत: आशिकागा योशिमासा, 1574 मध्ये ओदा नोबुनागा, 1877 मध्ये सम्राट मेइजी. हे झाड जपानात उगवत नाही. म्हणून असेल कदाचित, तिथे एका ओंडक्याच्या प्रत्येक कपच्याचा हिशेब राहिला. जिथे ते उगवत होतं तिथे जंगलांचाही राहिला नाही.

होजाई हे मध्य आसामातलं गाव अगराच्या तेलाची मोठी पेठ आहे. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की वास सुरू होतो, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला तो सुगंध वाटेलच असं नाही. आंबूस, रानटी, थेट गोठ्यात शिरल्यासारखा. लाकूड फोडून, बारीक करून पाण्यात भिजत ठेवतात, कधी आठवडा, कधी त्याहून खूप जास्त. ते आंबतं. मग भट्टीवर चढवून कित्येक दिवस उकळत ठेवतात. वाफ थंड होऊन पाणी गोळा होतं आणि त्या पाण्यावर तेलाचा पातळ तवंग धरतो. भट्टीवरचा एक म्हातारा कारागीर, सगळे त्याला चाचा म्हणत, तो तवंग तळहातानं उचलत होता. तळहात पाण्यावर सपाट टेकवायचा, अलगद वर घ्यायचा आणि वाटीच्या कडेला निपटायचा. पुन्हा टेकवायचा. त्याच्या पंज्याच्या रेषा काळ्या झाल्या होत्या. "घरी गेल्यावर जेवणालाही हाच वास," तो म्हणाला, तक्रार म्हणून नाही. शंभर किलो लाकडातून हाती येतं ते काही तोळ्यांत मोजायचं. उरलेला चोथाही वाया जात नाही, तो वाळवून उदबत्तीसाठी विकतात.

दुसऱ्या खोलीत माणसं जमिनीवर बसून लाकूड तासत होती. पायाच्या अंगठ्यात ढलपी धरलेली, हातात छोटी पटाशी. पांढरं तेवढं काढून टाकायचं, काळ्याला धक्का लावायचा नाही. पांढरा भाग भुगा होऊन पडत होता, काळा भाग हळूहळू उघडा होत होता, वेडावाकडा, कुठे बोटाएवढा तर कुठे नुसती शीर. रोग झाडाच्या आत ज्या वाटेनं गेला ती वाट ते पटाशीनं उलगडत होते. पूर्ण साफ झालेला तुकडा माझ्या हातात दिला. गार, जड, आणि जवळजवळ वासच नाही.

तो वास उष्णतेनं येतो. मुंबईत मोहम्मद अली रोडला, मिनारा मशिदीच्या आसपासच्या अत्तरांच्या दुकानांत अजूनही नीट विचारलं तर अगर लावून दाखवतात. निखाऱ्यावर थेट टाकला की तो करपतो; थोडी राख मध्ये घालून वर ठेवायचा, म्हणजे राळ आधी चमकते, मग फुगून उकळते आणि धूर निळसर निघतो. होजाईतला तो गोठा इथे कुठेच नसतो. गोड, थोडं कडवट, खोल, आणि बराच वेळ टिकणारं असं काहीतरी कपड्यांत उतरतं. आसाम आणि आखात यांच्यामध्ये मुंबई नेहमीच राहिली. होजाई भागातले हाजी अजमल अली 1950च्या दशकात मुंबईत आले आणि इथूनच त्यांच्या घराण्याचा अत्तराचा व्यापार आखातात पसरला. नंतर पावसाळा बघायला अरब पाहुणे मुंबईत यायला लागले तेव्हा याच गल्ल्यांत त्यांची खरेदी चाले. आखातात पाहुण्याला निरोप देताना धुपाटणं पुढे करतात. त्यात जळतो तो बहुतेकदा आपल्या नाहीतर आग्नेय आशियाच्या बाजूचा अगर. मॉलमध्ये अगराच्या नावानं ज्या चकचकीत बाटल्या मिळतात त्यांतल्या बहुसंख्य बाटल्यांत प्रयोगशाळेतलं मिश्रण असतं. ते वाईट आहे असं नाही. त्यासाठी झाड पडत नाही, हे तर चांगलंच. फक्त तो वास वेगळा आहे, आणि ज्यानं एकदा खरा घेतला त्याला फरक सांगावा लागत नाही.

गेल्या पावसात कुडाळहून मामेभावाचा फोन आला. कुणीतरी त्याला व्हिडिओ पाठवला होता. "गो ताय, ता अगराचा झाड खरा काय? एका झाडाक लाखभर रुपये मेळतत म्हणतत." असे व्हिडिओ आता बऱ्याच जणांकडे येतात. मला त्याची काळजी वाटली, कारण सुपारीचा भाव पडला की माणूस कशावरही विश्वास ठेवतो. मी त्याला सांगितलं की झाड खरं आहे आणि आपल्या पावसात ते वाढेलही. कर्नाटकात मलनाडात सुपारीच्या बागांमध्ये लावतात. पण नुसतं वाढलेलं झाड म्हणजे हलकं पांढरं लाकूड. पोखरणारी अळी आपणहून येईल याचा भरवसा नाही, म्हणजे बुरशी टोचावी लागणार. ती कोण देणार, कितीला देणार, टोचल्यावर आत काळं धरलं की नाही हे कोण बघणार? विकायच्या वेळी परवाना कुठला लागतो? शिवसागरात निदान दारात येऊन भुसा हुंगणारा व्यापारी आहे, आणि त्याला जुनी भोकं मोजायला लावणाऱ्या बायका आहेत. कुडाळात कोण आहे?

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे लावू नको म्हणतंस?"

मी म्हटलं, लाव. दोन-चार रोपं लाव, विहिरीच्या बाजूला रिकामी जागा आहे तिथे. सुपारी तोडून लावू नकोस, आणि रोप विकणाऱ्याकडून परत खरेदीचं लेखी घेतल्याशिवाय त्याला जास्त पैसे देऊ नकोस.